साडेतीन टक्के मीठ

कृष्णा उगम पावते महाबळेश्वरला. तिथून अरबी समुद्र सरळ रेषेत साधारण ६४ किलोमीटर. पण ही नदी त्या समुद्राकडे पाठ करून वाई, सातारा, कऱ्हाड, सांगली करत पूर्वेला निघते आणि सुमारे १,४०० किलोमीटर चालून आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळते. कोयनेचं तसं नाही. तिचं बरंचसं पाणी आपण धरणात अडवून, डोंगराच्या पोटातून बोगद्यानं पोफळीला नेतो, वीज काढून घेतो आणि वाशिष्ठीत सोडून देतो. ते चिपळूणवरून अरबी समुद्रात जातं. म्हणजे सातारा जिल्ह्याला समुद्र नाही, पण जिल्ह्यातलं पाणी दोन समुद्रांना पोचतं.

माझा समुद्र तिसरा. साताऱ्यात, दुसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये, तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. त्यात पावणेदोनशे लिटर पाणी, सहा किलोच्या वर मीठ, दोन क्लाऊनफिश, आठ गोगलगायी आणि गेली चार वर्षं कमीअधिक प्रमाणात शेवाळ.

हे लिखाण शेवाळाबद्दल आहे. घरी येणारी पोरं ‘निमो!’ म्हणून ओरडतात आणि काचेला नाक लावतात. पण खाऱ्या पाण्याचा टँक ठेवणारा कुणीही तुम्हाला सांगेल की मासे दिवसातून दोनदा खायला मागतात, बाकीचा सगळा वेळ शेवाळ खातं.

आधी एक खुलासा, कारण हा प्रश्न हमखास येतो: यूट्यूबवर दिसतात तसे रंगीबेरंगी प्रवाळ माझ्या टँकमध्ये का नाहीत? आपल्या समुद्रातले खडक बांधणारे प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, वाघाच्या पंगतीत. समुद्री घोडेही तिथेच. मालवणच्या पाण्यात बुडी मारून ते बघता येतात, पण पिशवीत घालून घाट चढवता येत नाहीत. माझे खडक कोरडे, भट्टीतून भाजून निघालेले आहेत. आणि क्लाऊनफिश हॅचरीत जन्मलेले. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं त्यांची पैदास बसवून दिल्यापासून आपल्याकडे असे मासे मिळतात. माझ्या दोघांनी खरा समुद्र कधी बघितलेला नाही. याबाबतीत ते आमच्या सोसायटीतल्या बऱ्याच आज्ज्यांसारखेच आहेत.

रिपोर्ट नॉर्मल

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करते. दिवसभर दुसऱ्यांचं रक्त तपासायचं आणि संध्याकाळी घरी येऊन पाणी तपासायचं. पाच मिलिलिटर पाणी, दहा थेंब या बाटलीतले, दहा त्या बाटलीतले, नीट हलवायचं, पाच मिनिटं थांबायचं, मग रंग तक्त्याशी जुळवायचा. नायट्रेट पिवळ्यापासून लालपर्यंत जातं, फॉस्फेट पिवळ्यापासून निळ्याकडे.

नवीन टँकमध्ये शेवाळ ठरलेल्या क्रमानं येतं, जशा घरात पहिल्या बाळाच्या वेळी ठरलेल्या क्रमानं आत्या येतात. पहिल्या काही आठवड्यांत तपकिरी धूळ बसते. ती धूळ म्हणजे डायटम, काचेचं कवच घालून फिरणारे सूक्ष्म जीव. त्यांना कवचासाठी सिलिका लागते. नळाच्या पाण्यात, नव्या वाळूत ती असते. सिलिका संपली की ते आपोआप ओसरतात. मग हिरवं केसाळ शेवाळ येतं. ते खडकावर रुजतं, पाण्याच्या झोतात डुलतं आणि पहिले चार दिवस सुंदरही दिसतं. नंतर वाळूवर लालसर, चिकट, बुडबुड्यांनी भरलेली साय धरते. हे खरं तर शेवाळच नव्हे, सायनोबॅक्टेरिया. पृथ्वीच्या हवेत पहिल्यांदा ऑक्सिजन भरला तो यांच्या पूर्वजांनी, दोन अब्ज वर्षांहूनही आधी. त्यामुळे त्यांना खरवडताना थोडा आदर ठेवावा लागतो.

माझ्या टँकमध्ये हिरवं शेवाळ ऐन भरात होतं तेव्हा, एकही खडक दिसत नव्हता तेव्हा, मी नायट्रेट तपासलं. शून्य. फॉस्फेट शून्य. परत तपासलं. परत शून्य. लॅबमध्ये असं झालं की आम्ही सॅम्पल बदललं का ते बघतो. इथे सॅम्पल तेच होतं.

उत्तर सोपं आहे आणि मला ते फार आवडतं. पाण्यात आलेलं सगळं नायट्रेट आणि फॉस्फेट शेवाळानं खाऊन टाकलेलं असतं. तपासणी पाण्यातलं शिल्लक अन्न मोजते. जे खाल्लं गेलं ते शेवाळाच्या अंगात आहे, आणि ते बाटलीतले थेंब मोजू शकत नाहीत. पेशंट खाटेवर कण्हतोय आणि रिपोर्ट नॉर्मल, असा हा प्रकार. मग मोजायचं काय? आत काय येतंय, किती येतंय आणि कुठून, ते.

आत येणारी मुख्य गोष्ट म्हणजे माशांचं खाणं. मासा खातो, विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया सोडतो. खडकांवरचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट हा साखळीचा शेवट. त्याला खाणारं कुणी नसेल तर ते साठत जातं. खाणारं कुणी असेल, तर ते म्हणजे शेवाळ. अमेरिकन समुद्रशास्त्रज्ञ आल्फ्रेड रेडफिल्ड यांनी १९३४ मध्ये दाखवलं की समुद्रातल्या तरंगत्या सूक्ष्म जीवांच्या शरीरात ही द्रव्यं एका ठरावीक प्रमाणात असतात. पुढे ते प्रमाण १०६ : १६ : १ असं रूढ झालं. १०६ भाग कार्बन, १६ भाग नायट्रोजन, १ भाग फॉस्फरस.

हे मी एकदा वडिलांना सांगत होते. माझे वडील, आण्णा, पलूस तालुक्यात ऊस करतात. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘‘म्हंजे नत्र आणि स्फुरद. पोत्यावर लिवलेलं असतंय की. ह्यात नवीन काय?’’

नवीन काहीच नव्हतं. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात ४६ टक्के नत्र असतं, डीएपीत १८ टक्के नत्र आणि ४६ टक्के स्फुरद. माझ्या टँकमध्ये चिमूटभर खाण्यातून जे येतं तेच त्यांच्या रानात पोत्यांनी जातं. वनस्पतीला दोन्ही सारखंच. तिला ऊस म्हणायचं की शेवाळ, हे आपण ठरवतो.

चरणारे

शेवाळाला दोन बाजूंनी आवर घालता येतो. त्याचं अन्न कमी करा, किंवा त्याला खाणारे वाढवा. यातली कुठली बाजू मोठी, यावर टँकवाल्यांची भांडणं चालतात. समुद्रानं त्याचं उत्तर जमैकात दिलेलं आहे.

कॅरिबियन समुद्रात डायडेमा नावाची लांब काट्यांची काळी समुद्री साळू राहते. ती रात्रभर खडकांवरून चरत फिरते. तिथले शेवाळ खाणारे मासे माणसांनी आधीच पकडून संपवत आणले होते, पण साळू होती म्हणून प्रवाळ टिकून होते. १९८३ मध्ये एक रोग आला आणि वर्षभरात कॅरिबियनभरच्या बहुतेक सगळ्या साळू मेल्या. त्यानंतर जमैकाच्या खडकांवर काय झालं ते टेरी ह्यूज यांनी १९९४ मध्ये मांडलं: १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत प्रवाळांचं आच्छादन ५२ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आलं. शेवाळाचं ४ टक्क्यांवरून ९२ वर गेलं.

कुणीतरी चरत असतं म्हणून खडक खडक दिसतो. चरणारा दिसत नाही, कारण तो रात्री चरतो आणि त्याचं काम म्हणजे काही न दिसणं. आमच्या गावाकडे बांधावर शेळ्या चरायच्या तेव्हा बांधावर गवत आहे हे कुणाच्या लक्षातही येत नसे. शेळ्या गेल्या, तणनाशकाचे पंप आले.

माझ्याकडे साळू नाही, गोगलगायी आहेत. आठच्या आठ. रात्री लाइट बंद झाल्यावर मोबाइलचा टॉर्च लावून बघितलं तर त्या काचेवरून चाललेल्या असतात आणि मागे स्वच्छ पट्टा सोडत जातात, इस्त्रीवाल्यासारखा. पण केसाळ शेवाळ एकदा बोटभर वाढलं की त्या त्याला तोंड लावत नाहीत. त्यांना कोवळं लागतं. म्हणून आधी हातानं उपटावं लागतं.

तेव्हा माझी पद्धत अशी, आणि यात कुठलीही जादूची बाटली नाही. रविवारी खडक एकेक करून टँकमधल्याच पाण्याच्या बादलीत घ्यायचे, टूथब्रशनं घासायचे, परत ठेवायचे. पंधरा ते वीस लिटर पाणी बदलायचं. लाइट आठ तासांवरून सहा तासांवर. खिडकीचा पडदा बंद, कारण दुपारचं ऊन फुकट असतं आणि शेवाळाला फुकटचं फार मानवतं. खाणं मासे दोन मिनिटांत संपवतील इतकंच. आणि टँकच्या खाली दुसऱ्या छोट्या टाकीत, वेगळा लाइट लावून, किटोमॉर्फा नावाचं दुसरंच शेवाळ वाढवायचं. ते घासणीच्या हिरव्या तारांसारखं दिसतं. ते नायट्रेट आणि फॉस्फेट खातं, फुगतं, आणि दर पंधरा दिवसांनी मूठभर काढून टाकता येतं. शेवाळाला आवरायला शेवाळ. जिथे मला हवं तिथे ते वाढलं की जिथे नको तिथे कमी वाढतं.

आणखी एक उपाय आहे, तो मी करत नाही. पाण्यात साखर टाकायची. खरंच. काहीजण व्होडका टाकतात, काहीजण व्हिनेगर, काहीजण अगदी मोजून थोडी साखर. त्यानं जिवाणू भराभर वाढतात, वाढताना नायट्रेट आणि फॉस्फेट शोषून घेतात, आणि मग फेस काढणाऱ्या यंत्रातून ते जिवाणूच बाहेर काढायचे. उपाय खरा आहे. पण डोस चुकला तर जिवाणूंची संख्या इतकी वाढते की पाणी दुधाळ होतं, श्वास घ्यायला लागणारा ऑक्सिजन ते संपवून टाकतात आणि मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागतात.

सांगलीकडच्या माणसाला हे दृश्य ओळखीचं आहे. उन्हाळ्यात नदीचं पाणी उतरलेलं असताना कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडल्याचे फोटो आपण मोबाइलवर बघितलेले आहेत. मळीमिश्रित पाणी किंवा गावाचं सांडपाणी नदीत आलं की होतं ते हेच. मळी म्हणजे साखरच, जिवाणूंसाठी मेजवानी. जेवण झाल्यावर पाण्यात ऑक्सिजन उरत नाही. त्यातलं विष माशांना मारतं असं आपण धरून चालतो. बऱ्याचदा मासे गुदमरून मेलेले असतात.

पाणी उडतं, मीठ उडत नाही

टँकमधलं पाणी वाफ होऊन उडतं. एप्रिलमध्ये माझ्याकडे पंखा लावून दिवसाला दोन लिटर. पाणी गेलं तरी मीठ आत राहतं, म्हणून पाणी खारट होत जातं. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम क्षार, म्हणजे साडेतीन टक्के. ते तेवढंच राहायला हवं. त्यामुळे उडालेलं पाणी भरताना गोडं पाणी घालायचं, खारं नाही. आणि ते गोडं पाणी शक्य तितकं कोरं हवं, कारण त्यात जे काही असेल ते आत जाऊन बसणार आणि परत निघणार नाही.

साताऱ्यात मी या बाबतीत नशीबवान आहे. शहराला कासच्या तलावातलं पाणी येतं. सड्यावरचं, जांभ्यावरून उतरलेलं पावसाचं पाणी. माझ्या टीडीएस मीटरवर ते पन्नाशीच्या आत असतं. तेही मी फिल्टरमधून शून्यावर आणते, सिलिकेसाठी. गावाला आमच्या बोअरचं पाणी याच मीटरनं तपासलं तेव्हा आकडा बाराशेच्या वर गेला. म्हणजे लिटरला सव्वा ग्रॅमच्या आसपास क्षार. त्या पाण्यानं मी रोज दोन लिटर भरत राहिले असते, तर वर्षाला पाऊण किलोपेक्षा जास्त नको असलेलं मीठ टँकमध्ये साचलं असतं.

आण्णा साताऱ्याला आले होते तेव्हा मी नवीन मिठाची बादली उघडत होते. हे मीठ बाहेरून येतं. त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम सगळं समुद्राच्या प्रमाणात असतं. स्वयंपाकाचं मीठ चालत नाही. त्यांनी किंमत विचारली. मी सांगितली.

‘‘पैसं दिऊन मीठ इकत घेतीस?’’ ते म्हणाले. ‘‘आमच्या रानातलं ने की. फुकट हाय.’’

आम्ही दोघं हसलो. पण ते रान म्हणजे आमचं कॅनॉलच्या खालचं दोन एकर आहे, आणि त्यात चार वर्षांपासून ऊस गुडघ्याच्या वर गेलेला नाही. उन्हाळ्यात तिथे जमीन पांढरी दिसते, पहाटे दव पडल्यावर चिखलावर खपली धरते. त्याला आमच्याकडे मीठफुटी म्हणतात. कागदावर क्षारपड. वाळवा, पलूस, मिरज या तालुक्यांत कृष्णाकाठच्या काळ्या रानांतून फिरलात तर उसाच्या हिरव्या समुद्रात मधेच अशी पांढरी बेटं दिसतात.

दादाला, म्हणजे माझ्या भावाला, ते दोन एकर विकायचे होते. तो पुण्यात असतो. एक प्लॉटिंगवाला रस्त्याकडेचं बघून भाव देत होता. वडिलोपार्जित जमीन, त्यामुळे सही माझीही लागणार होती. दादाचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पीक येत नाही, सोसायटीचं कर्ज आहे, आण्णांचे गुडघे गेलेत. ‘‘मेलेली जमीन आहे ती,’’ तो म्हणाला. आण्णा काही बोलले नाहीत. आईनं भाजी जास्त वाढली.

मला तो शब्द खटकला. टँकमध्ये मीठ वाढलं की आम्ही टँक मेला म्हणत नाही. मीठ कुठून आलं ते बघतो.

तर मी हिशेब मांडला. पाटानं पाणी दिलेला ऊस वर्षाला सहज दोन मीटर उंचीचं पाणी पितो, रानात तेवढं पाणी उभं केलं असं समजा. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. दोन मीटर पाणी म्हणजे आठ हजार घनमीटर, ऐंशी लाख लिटर. नदीच्या पाण्यात लिटरला ३०० मिलिग्रॅम क्षार धरले, जे पिण्याला अगदी बरं पाणी आहे, तरी एकरी वर्षाला जवळपास चोवीसशे किलो क्षार होतात. पाणी ऊस पितो आणि ऊन पितं. क्षार तिथेच राहतात. ज्या जमिनीतून पाणी खाली निचरून जातं तिथे ते धुऊन निघतात. आमची काळी जमीन चिकट, निचरा नाही. वर्षानुवर्षं पाणी दिल्यानं खालची पाणीपातळी वर येते, आणि दोन-चार फुटांवर आली की कंदिलाच्या वातीतून तेल चढावं तसं खारं पाणी मातीच्या बारीक छिद्रांतून वर चढतं. वर आलं की उडतं. मीठ ठेवून जातं.

आण्णांनी कागद हातात घेऊन बघितला. ‘‘अडीच टन? एकराला?’’

‘‘धरून चाललेला आकडा आहे आण्णा. कमीजास्त होईल.’’

‘‘न्हाई, बराबर हाय.’’ मग बराच वेळ गेल्यावर, ‘‘तुज्या टाकीत काय करतीस मग?’’

‘‘पाणी बदलते. खारं काढते, गोडं घालते.’’

‘‘काढतीस कुठनं?’’

टँकला मी नळी लावते आणि बादलीत सोडते. जमिनीलाही नळीच लावतात. जमिनीखाली तीन-चार फुटांवर ठरावीक अंतरावर छिद्रांचे पाइप पुरायचे, ते एका मोठ्या पाइपला जोडायचे, आणि तो पाइप ओढ्यात सोडायचा. पाऊस पडला किंवा वरून पाणी दिलं की क्षार विरघळून खाली जातात आणि पाइपातून बाहेर पडतात. सच्छिद्र पाइप निचरा म्हणतात त्याला. कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रात क्षारपड जमिनींवर काम झालेलं आहे. शिरोळ तालुक्यात दत्त साखर कारखान्याच्या पुढाकारानं शेतकऱ्यांनी एकत्र येऊन अशी रानं परत उसाखाली आणली आहेत. आण्णांना हे सगळं माहीत होतं. त्यांनी शिरोळला जाऊन बघूनही ठेवलं होतं. अडचण पाइपाची नव्हती. पाइप ओढ्यापर्यंत न्यायला मध्ये पाच जणांची रानं लागत होती, आणि त्यातला एक भावकीतला होता, ज्याच्याशी बांधावरून आमची केस चालू होती.

तो तयार झाला ते कुणाच्या समजावण्यानं नाही. त्याच्याही रानाला पुढच्या वर्षी मीठ फुटलं.

मी सही केली नाही. दादा दोन महिने फोनवर तुटक बोलला. माझ्याकडे टँकसाठी चिलर घ्यायला साठवलेले पैसे होते, ते पाइपात गेले. त्या उन्हाळ्यात माझा टँक पंख्यावर आणि बर्फाच्या बाटल्यांवर निघाला. गोगलगायींना त्याचं काही वाटलं नाही.

ओढ्यावर

पाइप टाकून झाल्यावर पहिल्या पावसाळ्यात मी गावी गेले. ओढ्याच्या काठाला पाइपाचं तोंड होतं आणि त्यातून करंगळीएवढी धार पडत होती. स्वच्छ, नितळ. आण्णांनी ओंजळ भरली, जिभेला लावली आणि थुंकले. मग खूप हसले. चार वर्षांत मी त्यांना रानात हसताना बघितलं नव्हतं.

मी सवयीनं टेस्ट किट नेला होता. दहा थेंब, दहा थेंब, हलवायचं, पाच मिनिटं. नायट्रेटचा रंग गडद लाल आला. तक्त्यावर त्याच्या पुढे रंग नव्हता.

आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस आहे. घालणारे त्याहून जास्त घालतात, कारण शेजाऱ्यानं घातलेलं असतं. पिकानं घेतलं तेवढं घेतलं, उरलेलं पाण्याबरोबर खाली जातं. पूर्वी ते जमिनीखाली तुंबून राहत होतं. आता आम्ही त्याला रस्ता करून दिला होता. ओढ्यातून ते कृष्णेत जाणार, तिथे जलपर्णीला आणि शेवाळाला मिळणार. त्यातलं काही पुढे कर्नाटक, तेलंगण, आंध्र करत समुद्रापर्यंत.

माझ्या बादलीचंही तेच. रविवारी बदललेलं पाणी मी बाथरूमच्या मोरीत ओतते. पाणी बदलणं म्हणजे नायट्रेटची जागा बदलणं. कोकणात रात्री चमकणाऱ्या निळ्या लाटांचे रील तुम्ही बघितले असतील. तेही सूक्ष्म जीवच, नॉक्टिल्युका, पाण्यात खायला भरपूर असलं की फोफावणारे. त्यांच्या येण्यामागे वारे, प्रवाह, तापमान अशी अनेक कारणं असतात. पण जमिनीवरून वाहून आलेलं खत समुद्राच्या पाण्यातही खतच राहतं.

आण्णांना मी नळी दाखवली. त्यांना हा रंग वाचता येतो आता.

‘‘तुज्या टाकीत अशी लाल आली तर?’’

‘‘पाणी बदलते. पण मुळात खाणं कमी करते.’’

‘‘मासं उपाशी मरत न्हाईत?’’

‘‘नाही. ते खातात तेवढंच खातात. बाकीचं शेवाळाला जातं.’’

ते काही बोलले नाहीत. पाइपाच्या तोंडावर साचलेला पाला त्यांनी काठीनं बाजूला केला.

पहिल्या वर्षी त्या रानात ऊस लावला नाही. ताग केला आणि फुलावर आल्यावर गाडला. दुसऱ्या वर्षी सोयाबीन, बेताचं. माती तपासली तेव्हा विद्युतवाहकता सहाच्या वरून साडेतीनवर आली होती. चारच्या वर क्षारपड धरतात, आणि उसाला दोनच्या आसपासच त्रास सुरू होतो. समुद्राची पन्नासच्या वर असते. म्हणजे समुद्रापासून आम्ही लांब आहोत, उसापासून अजून थोडे. तिसऱ्या वर्षी ठिबक बसवलं, खत एकदम न टाकता ठिबकमधून थोडं थोडं सोडायला सुरुवात केली. युरिया किती वाचला हे आण्णा गावात कुणाला सांगत नाहीत. कारण मग लोक म्हणतील, म्हातारा कंजूष झाला. त्या वर्षी पाइपाच्या धारेचा रंग नारिंगी आला. पिवळा नाही. नारिंगी.

दादा दिवाळीला आला तेव्हा रानात जाऊन आला. काही म्हणाला नाही, पण ठिबकच्या फिल्टरचे फोटो काढून घेऊन गेला. प्लॉटिंगवाल्याचा फोन अजून येतो. तो प्रश्न मिटलेला नाही. आण्णांच्या मागे ते दोन एकर कोण बघणार, याचं उत्तर टेस्ट किटमध्ये नाही.

मला बरेच जण मेसेज करून विचारतात की शेवाळ कायमचं घालवायला काय घालायचं. कायमचं ते जात नाही, आणि ज्या टँकमध्ये ते पूर्ण शून्य आहे तिथे बहुधा दुसरं काहीही नीट जगत नाही. माझ्या मागच्या काचेवर तळहाताएवढं शेवाळ मी मुद्दाम ठेवते. गोगलगायी त्यावर चरतात. ते वाढायला लागलं की मला कळतं की आठवड्यात खाणं जास्त पडलंय.

किटोमॉर्फाची मूठ मी आता कचऱ्यात टाकत नाही. तीन-चार पाण्यांत धुऊन खारटपणा काढते, गॅलरीत वाळवते आणि जास्वंदीच्या कुंडीत घालते. मोरीत जाणारं तेवढं तरी कमी. खडक या रविवारी घासायचे राहिलेत, पुढच्या रविवारी घासेन. त्यानंतरच्या रविवारी पलूसला जायचंय, पाऊस झाला असेल तर धार परत तपासायला. आण्णांनी दोनदा आठवण केलीये: येताना त्या थेंबांच्या बाटल्या विसरू नको.